सत्त्याऐंशीव्या भागातला माणूस

‘क्षितिजयान’ या जुन्या मालिकेचे चारशे अकरा भाग झाले. त्यांपैकी चौतीस आज कुठेही पाहायला मिळत नाहीत. त्या काळी चित्रफिती महाग होत्या आणि वाहिनीने त्या पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम घेतले. त्या चौतीस भागांत कोण काय बोलले, कोण कुठे उभे होते, याचा एकमेव पुरावा म्हणजे वहीताईंच्या नोंदवह्या. चौदा वर्षे त्या कॅमेऱ्याशेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसून नोंदी करत होत्या. कप्तान पेला कोणत्या हातात धरतो, यानाला मजले किती, कोणाची आई कोणत्या ग्रहावर वारली, सारे त्यात होते. लेखकांचे भांडण जुंपले की वही उघडली जाई आणि भांडण तिथेच मिटे. पडद्यावर आले तेवढेच खरे, हा त्यांचा नियम होता. स्वतःच्या नवऱ्यासाठीही त्यांनी तो कधी वाकवला नव्हता.

नवरा त्याच मालिकेत यानाचा यंत्रप्रमुख होता. सेटवर सगळे त्यांना इंजिनराव म्हणत. भागागणिक त्यांच्या वाट्याला दोन वाक्ये येत, ‘दाब वाढतोय’ आणि ‘दाब उतरला’. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ मात्र शाबूत राहिली होती.

नव्या ‘क्षितिजयान’चा प्रमुख लेखक वहीताईंचा भाचा होता. त्यांनीच त्याला या व्यवसायात आणले होते. त्याने त्यांना कार्यालयात बोलावले ते तिसऱ्या पर्वासाठी. भिंतभर एक तक्ता लावलेला होता, डावीकडे जुने, उजवीकडे नवे.

“मावशी, त्या पुसलेल्या सत्त्याऐंशीव्या भागात शत्रू यानात शिरले. दार आतून उघडलं होतं. कोणी, ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.”

“लेखक नोकरी सोडून गेला. म्हणून राहिलं.”

भाचा हसला. “आम्ही सांगणार आहोत. अख्खं पर्व त्याच्यावर आहे. दार यंत्रप्रमुखानं उघडलं.”

वहीताईंनी चष्मा काढून पुसला. “का?”

“का म्हणजे? दारापाशी तोच उभा होता, असं जुने प्रेक्षक सांगतात. वर एक शब्द बोलत नाही. संशय येणार नाही का?”

“त्याला वाक्य दिलं नव्हतं, म्हणून बोलला नाही.”

“ते तुला माहीत. आजच्या प्रेक्षकाला, यानावर सगळेच्या सगळे भले लोक, हे पटत नाही गं.”

“आम्हाला तरी कुठे पटत होतं? म्हणून तर दाखवत होतो.”

भाच्याने खुर्ची जवळ ओढली. तो वाईट मनाचा नव्हता. “काकांचं काम आहे, कळतंय मला. सोमवारी ती वही घेऊन ये. दारापाशी तो होता, असं तुझ्या वहीत नसेल तर हे करणार नाही. शब्द देतो. तुझ्या वहीबाहेर मी जात नाही.”

घरी इंजिनराव नव्या मालिकेचा भाग बघत होते आणि व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाई त्यांचा हात वरखाली करत होत्या.

“बघा, दार आपोआप उघडतं,” ते बाईंना म्हणाले. “आमच्या वेळी मागून दोन माणसं दोरी ओढायची. एकदा एकाला शिंक आली, दार अर्ध्यावर अडलं, आणि आमचा कप्तान आडवा होऊन शिरला. शत्रूला वाटलं असेल, हा घाबरला!”

“नवी मालिका आवडत नाही का काका तुम्हाला?”

“दिसते झकास. पण सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघतात. आमचं यान पुठ्ठ्याचं होतं हो, पण आम्ही एकत्र जेवायला बसायचो.” मग आवाज खाली आणून, आठवड्यातून तीनदा सांगायचे ते त्यांनी पुन्हा सांगितले. “सत्त्याऐंशीवा भाग. कप्तान तापानं फणफणला होता, वाक्यं विसरत होता. दिग्दर्शकानं कॅमेरा माझ्याकडे फिरवला. म्हणाला, काही बोलू नकोस, दाराकडे बघ. पलीकडे माझी माणसं अडकलेली. मी बघत राहिलो. नुसता बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईनं माझा हात धरला आणि रडायला लागली.”

“काका, हात सैल सोडा.”

वहीताई आत गेल्या. नोंद त्यांच्याच अक्षरात होती: ‘यंत्रप्रमुख आतल्या दाराशी. संवाद नाही.’

त्यांनी दोन दिवस विचार केला. वह्यांची पाने दोऱ्याने ओवलेली असत. चुकलेले पान काढून नवे घालता यावे म्हणून त्यांनीच ती पद्धत लावली होती. त्याच काळचे कोरे कागद कपाटात होते. रविवारी दुपारी इंजिनराव झोपल्यावर त्यांनी दोरा सोडला आणि सबंध पान पुन्हा उतरवून काढले. बाकी सारे जसेच्या तसे ठेवून एकच ओळ बदलली: ‘यंत्रप्रमुख यानावर नाही. सुटे भाग आणायला तळावर.’ जुने पान फाडून त्यांनी भाजीच्या सालांखाली दाबले आणि कचऱ्याची गाडी येताच स्वतः खाली जाऊन देऊन आल्या. मनाला बरे वाटत होते. जो तिथे नव्हताच, त्याच्यावर कोण कसला ठपका ठेवणार?

सोमवारी भाच्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग उठून दारातूनच शेजारच्या खोलीतल्या लेखकांना हाक मारली.

“अरे ऐका! तो यानावर नव्हताच! हल्ल्याच्या आधीच निघून गेला होता!”

“सुटे भाग आणायला,” वहीताई म्हणाल्या.

“असं त्यानं सांगितलं. मावशी, हे तर आमच्यापेक्षा भारी आहे. दार आधीच ढिलं करून ठेवलं आणि स्वतः सुरक्षित जागी जाऊन बसला. सगळं ठरवून!”

“तू शब्द दिला होतास.”

“दारापाशी असेल तरच, म्हणालो होतो. पण हे बघ ना. नसणं जास्त वाईट आहे.”

वहीताईंना आपली चूक कळली. जन्मभर नोंदी करणाऱ्या माणसाला, जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही, असे वाटते. गोष्ट रचणारा मात्र रिकाम्या जागेतच हात घालतो.

“ही नोंद चुकीची असू शकते,” त्या म्हणाल्या.

“तुझी?” भाचा मनापासून हसला. “एक चुकली म्हटलं तर त्या चौतीस भागांचं काय? मग कशावर विश्वास ठेवायचा आम्ही?”

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. वहीताईंनी तक्त्याच्या डाव्या बाजूकडे पाहिले. तिथले बहुतेक सारे त्यांच्या वह्यांतून उतरवलेले होते. भाच्याने पानाचा फोटो काढला.

चार दिवसांनी तिसऱ्या पर्वाची जाहिरात आली. तिच्यात पानाचा फोटो होता आणि ती ओळ लाल चौकटीत होती. दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी वहीताईंनी मोबाइल इंजिनरावांच्या डाव्या हातात दिला आणि सगळे सांगितले. पानाचे तेवढे सांगितले नाही.

“गद्दार?” ते म्हणाले. थोड्या वेळाने खांदा उडवल्यासारखे केले. एकच खांदा हलला. “असू दे. नटाला काय! तीस वर्षांनी का होईना, माझ्यावर पर्व काढतायत.” मग त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला आणि ओठ हलवत ओळ वाचली.

“अगं, पण मी होतो ना तिथे?”

वहीताई उशी नीट करू लागल्या.

“मी दारापाशी होतो. तूच तर समोर बसली होतीस.”

“वहीत तसं नाही.”

ते बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले. “तुझी वही चुकत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “मग दुसरा कुठला तरी भाग असेल. या आजारानं सगळी सरमिसळ केलीय बघ डोक्यात. कुठला गं तो?”

“एकशे बारावा असेल.”

“तो तरी बघायला मिळतो का?”

“नाही,” वहीताई म्हणाल्या. “तोही पुसला.”