ओगराळ्याचा आग्रह

मी एक जुने पितळी ओगराळे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे नावही ऐकले नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. खोल वाटीला उभा, लांब दांडा जोडला की माझ्यासारखे ओगराळे होते. पातेल्याच्या तळाशी जाऊन दाट आमटी वर आणणे हे माझे काम. दिल्लीच्या छावणीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये घरची लेक सोनम मला ‘वो बड़ा वाला चम्मच’ म्हणते, तेव्हा मला चांगलाच राग येतो. चमच्यात मावेल एवढे वाढून कधी कुणाचे पोट भरले आहे का?

कोल्हापूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आतून कल्हई केली, आणि कागलजवळच्या एका गावातल्या हणमंतनानांनी मला पारखून विकत घेतले. नाना म्हणजे गावातल्या पंगतींचे पहिले वाढपी. कुणी ताटावर हात आडवा धरला की नाना मला त्या हातावरच कलते करायचे. मग हात आपोआप मागे जायचा आणि ताट भरायचे. आमच्या पंगतीतून अर्धपोटी माणूस कधी उठला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

नानांचा पुतण्या कृष्णात लष्करात हवालदार. त्याची दिल्लीला बदली झाली, तेव्हा नानांनी मला त्याच्या बायकोच्या, विजयमालाच्या हवाली केले. लेक सोनमसह तिघांचा संसार दोन खोल्यांत मांडला गेला, पण पाहुण्यांना जागा कमी पडली नाही. गॅसचे सिलिंडर आणणाऱ्यालाही विजयमाला जेवल्याशिवाय सोडत नसे. तो बिचारा पुढच्या घरी उशिरा पोचून बोलणी खायचा.

मग एका रविवारी सोनमच्या शाळेतल्या अरुणाबाई आणि त्यांचे यजमान श्याम दिल्लीतल्याच आर. के. पुरमहून जेवायला आले. श्याम दिल्लीतच वाढलेले. पानात काही टाकायचे नाही, अशी त्यांना लहानपणापासूनची शिस्त. त्यांनी ताट स्वच्छ केले. आमच्याकडे रिकामे ताट म्हणजे माणूस अजून भुकेला. विजयमालाने ते पुन्हा भरले. त्यांनी शिस्तीने पुन्हा संपवले. असे चारदा झाले. मी तर खुशीत होते, असा जेवणारा कितीतरी वर्षांनी मिळाला होता! शेवटी श्याम दिवाणावर आडवे झाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ शकले नाहीत.

नंतर अरुणाबाईंनी विजयमालाला हसत, पण स्पष्ट सांगितले, “बुरा मत मानना यार, पण इथे आधी विचारतात, मग वाढतात.”

विजयमालाला ते फार लागले. आपण अडाणी ठरलो, असे तिला वाटले. त्याच संध्याकाळी तिने मला घासून, पुसून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवून दिले. स्टीलचे डाव आले. आता ती पाहुण्याला एकदाच विचारायची आणि तो ‘नको’ म्हणाला की भांडे झाकून ठेवायची. ट्रंकेत माझ्यावर हिरवा डाग चढला. आपला आग्रह हा एक अपराध होता, असे मलाही वाटू लागले, मित्रांनो.

अशा वेळी हणमंतनाना दिल्लीला आले, पण वाढायला नव्हे. त्यांच्या पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आणि कृष्णातने त्यांना क्वार्टरवर आणले. डॉक्टरांनी बजावले होते, दर दोन तासांनी थोडे थोडे पातळ पोटात गेलेच पाहिजे, नाहीतर पुन्हा दाखल करावे लागेल आणि मग काही सांगता येणार नाही. पण नानांची खाण्यावरची वासनाच उडाली होती. विजयमाला विचारायची, “नाना, कढण घेणार का?” नाना म्हणायचे, “नको.” ती वाटी परत न्यायची. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी नानांना उठून बसवेना.

त्या दुपारी ट्रंकेचे झाकण उघडले. विजयमालाने मला चिंचेने घासले, घाईघाईने कल्हई करवून आणले, आणि माझ्यात मुगाचे कढण अर्धेच भरून नानांच्या उशाशी बसली. नानांनी तोंड फिरवले.

“नको म्हटलं की नको, पोरी.”

“नाना, पाहुण्याचं पहिलं ‘नको’ आपल्या घरात कुणी ऐकलंय का? तुम्ही तरी कधी ऐकलंत?” ती म्हणाली. तिने मला त्यांच्या ओठांशी धरले. “मीही ऐकणार नाही. घ्या.”

नानांनी माझ्याकडे पाहिले. मग हळूहळू तोंड उघडले.

मित्रांनो, जन्मभर मी काठोकाठ भरून गेले. अर्धे जाणे म्हणजे कंजूषपणा, असे समजत आले. त्या दिवसापासून दर दोन तासांनी मी अर्धेच भरत होते, आणि एवढा अभिमान मला हजार पानांच्या पंगतीतही वाटला नव्हता. दरवेळी नाना नको म्हणत, दरवेळी विजयमाला तिथेच बसून राही. अरुणाबाई भेटायला आल्या, त्यांनी हे सगळे पाहिले, आणि आपल्या शाळेच्या वेळा सांभाळून दुपारची एक पाळी स्वतः घेतली.

म्हणून माझी एक विनंती आहे. मला शोभेसाठी शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. वाढताना माणसाच्या ताटाबरोबर त्याच्या चेहऱ्याकडेही पाहा. कुणाचे पोट खरेच भरले आहे आणि कुणी नुसते ‘नको’ म्हणते आहे, ते तिथे दिसते. ज्याचे भरले आहे त्याला सोडा. दुसऱ्याला मात्र सोडू नका.

अकराव्या दिवशी विजयमाला मला धुवायला नेत होती. तेवढ्यात नाना भिंतीला टेकून बसले आणि जे त्यांनी जन्मात कुणाच्या घरी केले नव्हते ते केले. त्यांनी स्वतःहून मागितले.

“विजयमाला, अजून थोडं वाढ.”