वरल्या अंगाची भेग

दर्शनाने अंगणातल्या बाकावर बर्फावरून घसरायची फळी उलटी टाकली, मधल्या खिट्या सोडवल्या आणि तिचे उभे दोन भाग केले. तिचा बाप येसाजी उंबऱ्यावर बसून बघत होता.

"मोडलीस?"

"नाय आबा, अशीच असते ही. स्प्लिटबोर्ड. चढताना दोन पायांना दोन पट्ट्या. तळाला केसाळ कापड लावायचं, म्हणजे बर्फात मागे घसरत नाय. माथ्यावर पोचलं की जोडायची आणि घसरत खाली."

परवा ती हिमाचलात परतणार होती. वाटाडी म्हणून चौघा पाहुण्यांना शिखराची वाट यंदा पहिल्यांदाच तिला एकटीने दाखवायची होती. तिने फोनवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. पांढऱ्या उतारावर वाटेची तांबडी रेघ.

पोलादपूरच्या डोंगरात जन्मभर गुरं वळलेल्या येसाजीने रेघेवरून बोट फिरवलं. माथ्याखालच्या खोलगट जागी ते थांबलं.

"हितं बर्फाचं वझं साठत असल."

दर्शना चमकली. तिला शिकवणाऱ्यांनीही नेमकी हीच जागा दाखवली होती.

"साठतं. बर्फाला भेग दिसली तर तो सुटून खाली यायच्या आत मागे फिरायचं."

"फिरशील?"

ती कापडाची घडी घालू लागली.

"माणसं वर्षभराची रजा साठवून येतात, आबा. शिखर हातभर राहिल्यावर मागे फिरा म्हणायला जीभ रेटत नाय. भेग कधीकधी नुसतीच भेग असते. हसतील ना."

येसाजीने फोटोवरून नजर उचलली. समोर दरडीनंतरच्या पुनर्वसनाची एकसारखी घरं उन्हात तापत होती.

"दरड आली त्या दिवशी सकाळी मी भेग बघितली व्हती," तो म्हणाला. "वाडीच्या वरल्या अंगाला. सदूच्या घरी बारसं. सगळी तिथंच जमलेली. म्हटलं, कशाला सांगा, लोक हसतील. गुरं तेवढी पल्याड नेली."

दर्शनाचे हात थांबले. आई त्याच बारशाला गेली होती. आबा गुरांमागे होता म्हणून वाचला, असंच आजवर सगळे म्हणत आले होते. तीही.

ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वही होती. बापापासून थोडं अंतर ठेवून ती पायरीवर बसली.

"ती भेग किती लांब होती?" तिने वही उघडली. "नीट सांग. कुठून कुठवर?"

येसाजीने दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत. मग तो उठला आणि भिंतीपासून एकेक पाऊल मोजत निघाला. कुंपणापाशी पोचला, ते ओलांडून रस्त्यावर गेला, तरी थांबला नाही. दर्शना त्याच्या मागोमाग चालत राहिली.