आडवा जोर

...तांदळाच्या कणीएवढा, बस्स. आईने कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला फिलिंगचा तो तुकडा लेकीने तळहातावर घेतला, आणि तिला पुन्हा एकदा स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. एकाच दाढेतून दुसऱ्यांदा निघालेला तुकडा. "आता निघालं तर दाढच काढून टाकू," असं डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलं होतं, आणि समोर खुर्चीत आ वासून पडलेल्या आईच्या तोंडात त्या आत्ता तिसरं फिलिंग भरत होत्या — लेकीने कॉम्प्युटरवर बेतून दिलेल्या आकाराचं.

आठ महिने! आठ महिने ती झिजलेली दाढ, यंत्रांच्या भागांवरचा ताण मोजणाऱ्या आमच्या ऑफिसात, पडद्यावर, आणि सगळे तिच्यावर वरूनच जोर देऊन बघताहेत, घास चावताना पडतो तसा. दाढ आपली निळीशार, ताणाचा पत्ता नाही, ढिम्म... आणि मग तो रविवार. आई इस्त्री करत होती, बाबा आतल्या खोलीतून तिच्यावर ओरडत होते, नेहमीसारखेच, आणि आई — एक अक्षर नाही, फक्त खालचा जबडा डावीकडे सरकला, जागेवर आला, पुन्हा डावीकडे. मी बघत राहिले. लहानपणापासून बघतच होते की! सोमवारी जोर आडवा दिला, आणि हिरडीलगत, तुकडा सुटला नेमका तिथेच, ताणाचा लालभडक ठिपका. अख्खं ऑफिस उठून बघायला आलं. साहेब म्हणाले, "मानलं बुवा तुला!" खाच गोलसर घ्यायची, आत जरा लवचीक थर द्यायचा — सगळं माझ्याच डोक्यातलं, का नाही मिरवायचं?

"छान बसलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षभर टिकू दे, मग सगळ्यांना असंच भरीन."

आईने चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले. "माझी लेक आहे ही!" त्यांना माहीत असूनही तिने सांगितलंच. मग लेकीकडे वळून, हसतच, "पण काय गं, मी दात खाते हे तुझ्या कॉम्प्युटरला कसं कळलं?"

"अगं, ते..."

जोर किती, कुठून, कोणत्या बाजूला, सगळं तोंडपाठ होतं. कुणामुळे, हे कॉम्प्युटरने विचारलं नव्हतं... आणि मीही नाही. अभिमान होताच, अजूनही छातीत मावत नव्हता. पण आता तो या बाईचा होता, पस्तीस वर्षं सगळं एका दाढेवर पेललेल्या, आणि मी शेजारी बसून नुसती दिशा टिपून घेतली होती.

आई उत्तराची वाट बघत होती. काहीतरी बोलायला म्हणून लेक तोंड उघडायला गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, दात घट्ट मिटलेत, आणि आपला जबडा डावीकडे सरकलाय.