शिंप्याचं टेबल

बाबांच्या घरी आरसा शोधावा लागत नसे. जेवणाच्या टेबलात तोंड बघावं, कपाटाच्या दारात केस विंचरावेत. चाळीस वर्षं ते जुन्या फर्निचरला पॉलिश करत आले होते. त्यांच्या हाताखालून गेलेली शंभर वर्षांची खुर्चीसुद्धा कालच लग्न ठरल्यासारखी चकाकायची. पाय सिंहाचे, पाठीवर द्राक्षांचे घोस.

त्यांच्या धाकट्या लेकीने स्वतःच्या घरासाठी पहिली जुनी वस्तू आणली ती मात्र शिंप्याचं टेबल. बोडकं, सपाट. फळीभर कात्रीचे काप आणि कोपऱ्यात इस्त्रीचा काळाकुट्ट ठसा.

आई-बाबा बघायला आले. आईने दारातूनच विचारलं, "एवढं खरचटलंय? जिन्यातून ओढत आणलंत की काय?"

"आई, ते तसंच आहे. मला तसंच आवडतं."

बाबांचा अंगठा फळीवरून फिरायला लागला. धाकटी तो अंगठा लहानपणापासून ओळखत होती. त्याच्या मागोमाग पॉलिशपेपर येतो.

"बाबा, हात काढा. अख्ख्या घरात ही एकच वस्तू माझ्या पसंतीची आहे. हात लावणार नाही म्हणा. माझ्या गळ्याची शपथ."

"अगं, नुसता एक हात पॉलिशचा. कळणारसुद्धा नाही."

"शपथ!"

बाबांनी शपथ घेतली. चेहरा असा, की जणू डॉक्टरने गोड बंद केलंय.

मग धाकटी रंगात आली. "हा काप बघा, नक्की शिकाऊ हाताचा. आणि हा डाग! कुणाशी तरी गप्पा मारताना इस्त्री राहून गेली असणार. माणसं राबलीत यावर. खुणांमध्येच तर वस्तूचा जीव असतो..."

खर्रर्र!

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर उभं राहून तिचं दीड वर्षाचं पिल्लू हातात चमचा घेऊन हसत होतं. समोर वीतभर पांढराशुभ्र ओरखडा.

"अरे देवा, माझं टेबल!" धाकटी धावली. ओल्या फडक्याने घासघास घासलं. ओरखडा हलेना. "बाबा, तुमची पॉलिशची पिशवी आणलीय ना? एवढ्याच जागी लावा ना जरा पॉलिश!"

बाबांनी शिवशिवणारे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "शपथ आहे बाई."

"मी सोडवते शपथ!"

"कशाला? माणूस राबलंय त्यावर."

आईला हसू आवरेना. "'अरे देवा, माझं टेबल!' हुबेहूब बापाचा आवाज! तू आमच्या जेवणाच्या टेबलावर खिळ्याने मांजर कोरलं होतंस ना, तेव्हा हे अस्सेच ओरडले होते."

"मी? कुठे आहे ते?"

"कुठे असणार? संध्याकाळच्या आत घासून, पॉलिश करून मोकळे."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "शेपूट बरी जमली होती तुला," ते हळूच म्हणाले.

धाकटीने माहेरचं ते गुळगुळीत टेबल मनातल्या मनात चाचपून पाहिलं. कुठेच काही लागलं नाही.

तिने फडकं वाळत टाकलं. परत येऊन पिल्लूच्या गालाचा पापा घेतला आणि त्याच्या मुठीतून चमचा अलगद सोडवला. खुणा हव्यात हे खरं, पण एका दिवसाला एक पुरे.