अकरा ज्युनिपर आणि थोरला

घरात तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ताटात भात पडायच्या आत हिचं अर्धं जेवण उरकलेलं असायचं. काकांकडे बोन्साय शिकायला आली तीही अशीच, नोकरीचा राजीनामा देऊन, एका सोमवारी सकाळी, कुणाला न विचारता. वडील गेल्यापासून काका-काकूंनीच तिला वाढवलेलं, त्यामुळे काका नाही म्हणणार नाहीत याची तिला खात्री होती. काका नाही म्हणाले नाहीतच. "पहिलं वर्ष नुसतं पाणी घाल," एवढंच म्हणाले.

घातलं बापडीनं वर्षभर पाणी. दुसऱ्या वर्षी हातात तार आली.

तार घालणं लांबून सोपं दिसतं. अहो, फांदीभोवती तार तर गुंडाळायची, त्यात काय मोठंसं? करून बघा म्हणजे कळेल. फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याची तार घ्यायची. एकच तार दोन फांद्यांना, मधे खोडाला वेढा देऊन, म्हणजे एक फांदी दुसरीला धरून राहते. वेढे तिरके पडले पाहिजेत. सैल पडले तर फांदी ऐकत नाही, आवळले तर तार सालीत रुतते आणि तो वण जन्मभर जात नाही. मग दोन्ही अंगठे टेकवून फांदी हळूहळू वाकवायची आणि वाकवताना कान द्यायचा. आत बारीक काही करकरलं की तिथंच थांबायचं. घाईबाईनं पहिल्या महिन्यात नऊ फांद्या मोडल्या. काका रागावले नाहीत. मोडलेली प्रत्येक फांदी त्यांनी तिच्याच हातानं तिच्याच टेबलावर ओळीनं मांडायला लावली, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

काकांचा नियम एकच. "एका वर्षात एकच घाव. तार घातलीस तर मुळांना हात लावायचा नाही. मुळं छाटलीस तर फांद्यांना हात लावायचा नाही. दोन दुःखं एकदम कुणाला सोसत नाहीत."

"सोसतात की," काकू आतून म्हणाली. "मी सोसतेय ना, एक तुम्ही आणि एक तुमची झाडं."

काका हसले, आणि हसता हसताच पुढचं बोलले. "आणि ज्युनिपरचं एक ध्यानात ठेव. हे झाड मेलं तरी सांगत नाही. दोन-तीन महिने हिरवंगार उभं राहतं. आपण म्हणतो वा वा, आणि ते कधीच गेलेलं असतं."

काकांच्या रोपवाटिकेच्या मागच्या टोकाला, दगडी ओट्यावर, थोरला होता, तोही ज्युनिपरच. काकांना त्यांच्या गुरूंनी दिलेला, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. वय शंभरच्या वर, उंची मांडीएवढी, खोड पिळलेलं. ज्याचा हात थकला त्यानं धंद्यातल्या चार माणसांदेखत तो पुढच्याच्या हातात द्यायचा, अशी रीत. आजवर तो कुणाच्याही हातून मेला नव्हता. आता आडवळणानं कशाला बोला? घाईबाईला थोरला हवा होता. रोपवाटिका मिळो न मिळो, नाव होवो न होवो, काकांनी तो आपल्या हातात द्यावा यासाठी ती जीव टाकत होती.

थंडी सरता सरता काकांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. दोन आठवडे दवाखान्यात. जाताना त्यांनी अकरा कोवळी ज्युनिपर तिच्या टेबलाशी लावून दिली. "ह्यांना तार घाल. दुसरं काही करू नकोस." थोरल्याला एक दिवसाआड मोजून दोन तांबे पाणी घालायचं काम काकूकडे दिलं. त्याच्या जवळपास फिरकू नको, असं घाईबाईला बजावलं.

चार दिवसांत अकराही झाली. आणि काय झाली होती म्हणून सांगू! एक बाजूला कललेलं, एक खाली झेपावलेलं, एकाची शेंडी जराशी मागे वळलेली. स्वतःचे हात तिला परके वाटायला लागले. फक्त खाली त्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, मळकट, कडा फुटलेल्या. आणि समोरच्या फळीवर झाडं लावायची पसरट तबकं रिकामी पडलेली, निळी, राखाडी, एक गर्द तपकिरी. काका यायला अजून नऊ दिवस होते.

तुम्ही-आम्ही असतो तर नऊ दिवस झोपलो असतो. हिला कसलं स्वस्थ बसवतंय! एकच झाड बदलून बघू, म्हणाली. मुळांचा गड्डा तबकात मावेना, म्हणून थोडी छाटली. तरी मावेना, आणखी छाटली. नियम म्हाताऱ्या झाडांसाठी असतो, ही कोवळी आहेत, दणकट आहेत, असं तिनं स्वतःला पटवलं. पहिलं झाड तबकात इतकं देखणं दिसलं की संध्याकाळपर्यंत अकराही तबकांत गेली आणि खाली फरशीवर मुळांचा ढीग पडला. तो तिनं स्वतः झाडून गोळा केला.

काका वॉकर घेऊन परत आले ते घरात न जाता थेट मागे गेले. रांगेसमोर उभे राहिले. वाकवत नव्हतं तरी वाकले, एक तबक उचललं, हातात तोललं, खाली ठेवलं.

"सुंदर," काका म्हणाले.

दोन वर्षांत हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मग ते थोरल्याकडे गेले आणि तिथे बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, दीड महिन्यानं सगळ्यांना बोलवायचं आणि थोरला हिला द्यायचा. काकू घास हातात धरून बघत राहिली. "एवढ्यात? अहो, आधी धड चालायला तर लागा."

"माझा हात थकला," काका म्हणाले. "आणि तोवर त्याचं पाणी मी बघेन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

घाईबाई त्या रात्री आनंदानं रडली. पुढचे आठ दिवस ती हवेतच होती. नवव्या दिवशी उन्हासाठी तबकं फिरवताना तिला ती जड लागली.

जिवंत झाड पाणी पितं. आज घातलेलं उद्या कमी होतं, परवा तबक हलकं लागतं. वर्षभर पाणी घालून दुसरं काही नाही तरी एवढं तिला कळत होतं. तिनं बोट खुपसलं. माती गार आणि ओली. चार दिवस पाणी घातलं नाही, तरी ओलीच. मग तिनं एका झाडाच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नखानं साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं होतं. खाली तपकिरी होतं, काडेपेटीच्या काडीसारखं कोरडं. तिनं अकराही पाहिली. सात गेली होती. चारांत अजून हिरवी रेघ होती.

तेव्हाच काकांना सांगायला हवं होतं. ती दोनदा उठलीही. पण काका ओसरीत बसून पाहुण्यांची यादी करत होते, आणि तिचं नाव काढताना त्यांचा आवाज असा काही मऊ व्हायचा की ही तशीच परत फिरायची. उद्या सांगू, म्हणाली. जी बाई उभ्या आयुष्यात कधी उद्यावर काही टाकत नव्हती, ती एवढी एकच गोष्ट रोज उद्यावर टाकत गेली. आठवड्याभरात ती चारही गेली.

आणि झाडं हिरवीच. हेच तर भयंकर होतं. रोज सकाळी ती पाण्याची झारी घेऊन अकरा मढ्यांसमोरून फिरायची, पाणी घातल्यासारखं करायची. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, काय तजेला आहे हो! चोराच्या मनात चांदणं. काकू नुसतं "अगं" म्हणाली तरी ती दचकायची. काका वॉकर टेकत जाता जाता विचारायचे, "बरी आहेत ना?" आणि ती म्हणायची, "छान आहेत." काका मान हलवून मागे थोरल्याकडे जायचे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिच्यानं राहवेना. काका थोरल्यापाशी स्टुलावर बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली. मुळं छाटली, तार असताना छाटली, अकराच्या अकरा मेली, महिनाभर मी खोटं बोलतेय, मला थोरला देऊ नका. बोलली आणि ढसाढसा रडली. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला हलकंही वाटलं.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "आलो त्याच दिवशी कळलं. इतक्या छोट्या तबकात एवढी मुळं मावतात होय?"

तिचं रडणं थांबलं. "मग बोलला का नाहीत?"

काकांनी वॉकर जवळ ओढला.

"चार जिवंत होती, काका! सावलीत ठेवली असती तर वाचली असती."

"चार कशाला? मी आलो तेव्हा सहा-सात वाचली असती."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

काकांची नजर तिच्यावर नव्हती, थोरल्यावर होती. घाईबाईनंही तिकडे पाहिलं. वर हिरवागार शेंडा. खाली मातीवरचं शेवाळ काळपट, पाण्यानं फुगलेलं. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिचं बोट मातीत गेलं होतं.

"पाणी कधी घातलंत?"

"सहा दिवस झाले."

माती चिखलासारखी होती. तिनं खोडाला नख लावलं. काकांनी तिला अडवलं नाही. सालीखाली तपकिरी होतं.

"दवाखान्यात जायच्या आधी," काका हळूच म्हणाले, "वाटलं, परत येतो न येतो. तबक बदलून घेतलं, मुळं छाटली. आणि ती डावी फांदी, गुरुजींनाही कधी नीट बसवता आली नव्हती, ती तार घालून वाकवली. हात कापत होते गं. तरी वाकवली." त्यांनी तळहातानं डोळे पुसले. "एका दिवसात दोन घाव. मी."

घाईबाईला सगळा दीड महिना एकदम दिसला. घाईनं ठरवलेली तारीख, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही ही ताकीद, ते "सुंदर."

"उद्या सगळ्यांदेखत घे," काका म्हणाले. "अजून महिनाभर हिरवा राहील. तुझ्या ओट्यावर सुकेल. गुरुजींनी दिलेला माझ्या हातून गेला, असं नको गं म्हणू देऊ कुणाला."

"आणि मला काय म्हणतील?"

"तुझ्या हातून अकरा गेलीच आहेत. बारावं कोण विचारतंय?"

तिला संताप आला. वॉकर उचलून भिरकावून द्यावा असा संताप आला. पण समोर जो माणूस तोंड झाकून रडत होता, त्यानं तिला वाढवलं होतं, तापात रात्र-रात्र तिच्या उशाशी बसला होता. "रडू नका," ती म्हणाली. मग म्हणाली, "घेते."

दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसं जमली. खुर्च्या कमी पडल्या. थोरल्याला बघून एक म्हातारे कुंभार, ज्यांनी तबकं घडवण्यात हयात घालवली होती, ते म्हणाले, असा तजेला मी याच्यावर कधी पाहिला नाही. काकांनी दोन्ही हातांनी तबक उचललं. तिनं ते खालून धरलं. ते फार जड होतं. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर काकांनी हात सोडला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "नीट सांभाळ हो. घाई करू नकोस."

सगळे हसले. तीही हसली.