पदराच्या गाठीतला गूळ

धनुबाईने गुळाचा खडा गजराबाईच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"गजरा, तोंड गोड कर. सिंधुले पुनाना कॉलेजमा जागा भेटनी."

"बरं व्हयनं," गजराबाई म्हणाली. "पन मन्हा दात दुखस. मंग खासू."

तिने गूळ पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ अशी आवळली, की जणू धनुबाईचाच गळा. दात बिलकूल दुखत नव्हता. दुखत होतं ते पोटात. शेजारणीची पोर बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जाणार, तिथून मास्तरीण होऊन येणार, आणि आपली कोकिळा मात्र ओट्यावर बसून डाळ निवडत राहणार. सातवीच्या फायनलला कोकिळा नंदुरबारच्या केंद्रात पहिली आली होती. सिंधु कशीबशी पास झाली, तीही कोकिळाने वर्षभर तिच्याकडून त्रैराशिकं घोटून घेतली म्हणून. चार दिवसांपूर्वी कॉलेजचं पत्र आलं, ते मात्र कोकिळाला नकाराचं.

धनुबाई गेली तशी गजराबाई लेकीवर घसरली.

"तुन्हा हातखाल शिकनी ती!"

"ती तरी जाई ऱ्हायनी ना, माय," कोकिळा सुपातून नजर न काढता म्हणाली.

"तिले नवरा नही म्हनीसन जागा भेटनी. तुले शे म्हनीसन नही. हाई कोठला न्याय?"

कोकिळाने सूप बाजूला ठेवलं. धुण्याची बादली उचलून ती विहिरीकडे निघून गेली. जाताना नेहमीप्रमाणे कपाळावरचं कुंकू पदराने टिपून नीट केलं.

ते कुंकू भटूच्या नावाचं. भटू चार वर्षांपूर्वी नवापूरहून सुरतेला गिरणीत गेला आणि तिथंच एक बाई ठेवून राहिला. कोकिळा माहेरी आली. नवापूरहून दोन ओळींचं पत्र कधी आलं नाही. सासू तेवढी दर संक्रांतीला कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती बांगड्या पाठवायची, सुनेच्या मनगटाच्या अचूक मापाच्या. बाकी सगळा आनंदच होता.

आणि सिंधुचा नवरा तापाने गेला, तेव्हा धनुबाईला कवटाळून सगळ्यांत जास्त कोण रडलं होतं? गजराबाईच. ते रडणं खरं होतं. पण आता त्याच सिंधुकडे पाहिलं की तिच्या अंगाची लाही व्हायची. त्या पोरीचं मोकळं कपाळ तिला एखाद्या दागिन्यासारखं दिसू लागलं होतं, आणि असं दिसतं याची लाज वाटण्याइतकी सवड तिला नव्हती.

ती तशीच उठली आणि अर्ज भरून देणाऱ्या मास्तरांच्या घरी जाऊन थडकली. सुट्टीचे दिवस. मास्तर बनियनवर बसून खुर्चीची सुतळी विणत होते.

"बाई, मी तरी काय करू?" ते म्हणाले. "अर्जात तीन रकाने असतात. कुमारी, सौभाग्यवती, विधवा. विधवांना आधी घेतात. त्यांना दुसरा आधार नसतो म्हणून."

"मन्ही पोरले कोना आधार शे?"

"नवरा आहे ना."

"कोठे शे?"

मास्तरांनी सुतळीला उगाच एक जास्तीचा पीळ दिला. "ते अर्जात विचारत नाहीत," ते म्हणाले. थोड्या वेळाने, तिची समजूत काढावी म्हणून असेल, पुढे म्हणाले, "एक जागा अजून रिकामी ठेवलीय त्यांनी. दहा जूनपर्यंत. पण तीही विधवेसाठीच."

दहा जून. गजराबाई ती तारीख मनात घोळवत भर उन्हातून घरी आली.

ओट्याशी उदेसिंग टपालवाला उभा होता. त्याने हातातलं कार्ड दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं होतं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. मरणाची बातमी असली की कोपरा फाडूनच कार्ड टाकायचं आणि ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, हे अडाणी माणसालाही ठाऊक असतं.

"नवापूरनं शे," उदेसिंग हळू आवाजात म्हणाला. "वाची दिखाडू का?"

"नको. कोकिळा वाचीन."

तो गेला. गजराबाई कार्ड घेऊन दाराबाहेरच्या निंबाखाली बसली. तिला अक्षर कळत नव्हतं, पण फाटका कोपरा कळत होता. चार वर्षांत ज्यांनी एक ओळ लिहिली नाही, ते आता कुणासाठी लिहिणार? आणखी कुणाचं मरण कोकिळाला कळवायला हवं? तिने शाईच्या रेघांवरून अंगठा फिरवला. गिरणीच्या पट्ट्यात माणसं सापडतात म्हणे. सुरतेला पटकीही असते.

रडू यायला हवं होतं. ती वाट बघत बसली, पण रडू येईना. डोळ्यांपुढे येत होतं ते नंदुरबारचं स्टेशन, पत्र्याची ट्रंक, गाडीच्या खिडकीत कोकिळा आणि फलाटावर धनुबाईच्या शेजारी ताठ मानेने उभी असलेली आपण. आज मे महिन्याची चोवीस तारीख. मास्तर उद्या अर्ज पाठवतील, तर चार दिवसांत पुण्याला पोचेल. दहा जूनला अवकाश होता. बोटांवर दिवस मोजून झाले. मग बोटं कधीतरी रिकामी झाली आणि पदराशी चाळा करत राहिली.

कोकिळा ओली बादली घेऊन आली. कार्डाचा फाटका कोपरा पाहताच तिने बादली जमिनीवर ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि कार्ड घेतलं. आधी मनात वाचलं.

"सासूबाई गयात," ती म्हणाली. डावा हात तिने उजव्या हातातल्या बांगड्यांवर दाबून धरला. मग शाळेत वाचायची तशा आवाजात तिने पुढचं वाचलं, "चिरंजीव भटू सुरतेहून आला आहे. तो खुशाल आहे."

वाचून तिने मान वर केली. आईकडून एखादा हुंदका, एखादा शब्द येईल म्हणून ती थांबली. गजराबाईचा गाल फुगलेला होता आणि जबडा मध्येच थांबला होता. कोकिळाची नजर आईच्या मांडीवर गेली. तिथे पदराचं टोक पडलं होतं, चुरगळलेलं, चिकट, गाठ सुटलेलं.

कोकिळाने कार्डाचे चार तुकडे केले, निंबाच्या बुंध्याशी टाकले आणि सुतकाच्या आंघोळीसाठी बादली पुन्हा उचलली.

"तुन्हा दात बरा व्हयना वाटस, माय," ती म्हणाली आणि विहिरीकडे गेली.