बेटावरचा क्रीमचा केक

आमच्या हेलसिंकीत उगाच कुणी क्रीमचा केक आणत नाही. कॉफीबरोबर वेलचीचा पाव, बस्स. केक म्हणजे वाढदिवस, लग्न, नाहीतर निरोप. एवढं माझ्या धाकट्या भावाला, तापानीला, कळू नये? मेल्याची पन्नाशी उलटलीय!

मे महिन्यात बोटी सुरू झाल्या की बाबा बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलं बघायला जातात. आई होती तेव्हा दोघं जायची, बोटीनंच. या शनिवारी तापानीनं गाडी काढली. पुलाअलीकडे लावली आणि म्हणाला, "बोटीत कशाला धक्के खायचे?" मला वाटलं, काळजी करतोय. कसली काळजी न् कसलं काय!

अस्वलांच्या कुंपणासमोर आम्ही बाकावर बसलो. मी थर्मास उघडला, आणि यानं पिशवीतून खोकं काढलं. आत स्ट्रॉबेरी लावलेला केक.

"कुणाचा वाढदिवस?" बाबांनी विचारलं.

"सहज आणला, बाबा."

"सहज?" बाबांनी कप खाली ठेवला. "कुठे पाठवताय मला?"

मला काही समजेना. तापानी अस्वलाकडे बघत बसला.

"बोल ना! तोंड शिवलंय का?" मी ओरडले. शेजारच्या बाकावरची माणसं चमकून बघायला लागली. बघू देत.

"वृद्धाश्रमात जागा मिळालीय. छान खोली आहे. इथून नुसतं बघायला जायचं. आवडलं तर राहतील."

"नुसतं बघायला? मग गाडीत ती बॅग कुणाची आहे?" डिकीत दिसली तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

"हिल्का, तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडलेच असते! बाप आहे तो, जुना सोफा नाही, गाडीत घालून पोचवायला!"

बाबांनी हात पुढे केला. "माझ्या घराची किल्ली दे. सकाळी दुसरी करून आणतो म्हणून घेतलीस ती."

तापानीची मान खाली. "एजंटकडे दिलीय. उद्या लोक घर बघायला येणार आहेत."

माझं डोकंच सणकलं. थर्मास हाणणार होते त्याच्या डोक्यात. बाबांनी माझा हात धरला. मग शांतपणे सुरी घेतली, केकचा मोठा तुकडा कापला आणि तापानीच्या हातात दिला.

"खा. निरोपाचाच आणलास ना? मग हा तुझा."

ते उठले, काठी घेतली. "हिल्का, तुझ्याकडे लिफ्ट नाही ना?"

"नाही. तिसरा मजला."

"चढेन हळूहळू. चल, बोट सुटेल."

धक्क्याकडे जाताना बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. मला वाटलं, रडत असेल, निदान मागून धावत तरी येईल.

गधडा केक खात बसला होता.